दुसऱ्या राणीची वकील

आमच्या लाँड्रीत तिला सगळे राजमाता म्हणतात. हे नाव तिला कौतुकानं मिळालेलं नाही. मीच ठेवलं, आणि तेही चिडून. टीव्हीवर दर रविवारी संध्याकाळी 'निळा दिवा' ही मालिका लागायची, तेव्हाची गोष्ट. अख्खी लाँड्री त्यातल्या दुसऱ्या राणीच्या नावानं बोटं मोडायची आणि ही एकटी बाई चादरीची घडी घालता घालता शांतपणे म्हणायची, "असं एकदम बोलू नये गं. तिच्या मनात काय आहे ते अजून दाखवलंय कुठे?" शेवटी एकदा मी रोलरवरून ओरडले, "एवढा पुळका येतोय ना तुला, मग तूच हो राजमाता!" सगळ्या हसल्या. ती पण हसली. नाव चिकटलं ते चिकटलंच.

आमची लाँड्री घरगुती कपड्यांची नव्हे. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असा ढीग रोज गाड्यांतून येतो. मागच्या बाजूला धुण्याची यंत्रं आहेत, तिथे पुरुष काम करतात आणि कायम काहीतरी बिघडल्याची तक्रार करतात. मधे मी, रोलरवर. दमट चादर एका बाजूनं आत सोडायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक आणि कढत होऊन बाहेर येते. आणि पुढे खिडक्यांना लागून घडीचं टेबल. तिथे फक्त बायका.

मोठ्या चादरीची घडी एकटीच्यानं होत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन दोन कोपरे धरायचे, चादर ताणायची, झटकायची. मग एक जण चालत पुढे येते आणि आपले कोपरे दुसरीच्या हातात देते. दुसरी जागची हलत नाही. ती कोपरे घेते आणि घडी पुरी करते. कोणी चालायचं आणि कोणी उभं राहायचं हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण ते कधी चुकतही नाही. नवी बाई चालते, जुनी घेते. टेबलाची प्रमुख तर कुणाकडेच चालत जात नाही, सगळ्या तिच्याकडे येतात. राजमाता आमच्या टेबलाची प्रमुख होती. तिला कुणाकडे कोपरे घेऊन जाताना मी तरी पाहिलं नव्हतं, आणि मी काही काल आलेली नाही.

ती या लाँड्रीत आली तीच मुळी लग्नामुळे. आमच्या मालाची गाडी चालवणारा माणूस, त्याची पहिली बायको गेली, पदरात लहान मुलगी. त्यानं हिच्याशी लग्न केलं आणि मुलीला सांगितलं, ही मावशी. मुलगी तेव्हा एवढीशी होती की चादरींच्या गाड्यात झोपून जायची आणि कुणीतरी तिच्यावर अभ्रे टाकायचं. ती मुलगी म्हणजे थोरली. पुढे हिला स्वतःची एक मुलगी झाली, ती धाकटी. मग एके दिवशी गाडीवाला गाडीतच छाती धरून बसला आणि उठलाच नाही. थोरलीनं 'मावशी' म्हणणं सोडलं नाही, हिनेही कधी सुचवलं नाही. दोघी मुली मोठ्या होऊन याच टेबलावर आल्या.

दोघींत जमीन-अस्मानाचा फरक. थोरली कमी बोलणारी, हाताला वळण असं की तिची घडी उलगडायला जिवावर यावं. धाकटी हुशार, तोंडाळ आणि आळशी, यांतलं कुठलं जास्त ते ठरवणं अवघड. मी त्यांच्या शेजारीच राहते. सकाळी कामाला निघताना त्यांच्या दारात थांबते, त्यामुळे मला रोज एक गोष्ट दिसायची. राजमातेची बोटं आता सरळ होत नाहीत. कढत कापड ओढून ओढून सांधे सुजून गाठींसारखे झालेत. तिला कामाच्या सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. थोरली रोज समोर उभी राहून एकेक बटण लावते, वरून खाली, काही न बोलता. धाकटी तेव्हा अंथरुणातून विचारते, "मला उशीर झालाय का?"

आता मालिकेचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डोंगरावरचं धुक्यातलं राज्य. सरदार लोक मोठाल्या घुबडांवर बसून उडतात. (बॉयलरवाले काका पहिल्या भागापासून म्हणत होते की चिलखत घातलेला माणूस घुबडाला पेलणार नाही, आणि शेवटच्या भागापर्यंत त्यांनी हा मुद्दा सोडला नाही.) म्हाताऱ्या राजाला पहिल्या राणीची मुलगी आणि दुसऱ्या राणीचा मुलगा. गादी कुणाला, हे एक दिवा ठरवतो. खऱ्या वारसानं वात पेटवली की ज्योत निळी होते. आणि एकदा का तो दिवा पेटवला की तो त्या माणसाचं आयुष्य खातो. राजा म्हातारा दिसायचा तो वयानं नव्हे, दिव्यानं.

आम्ही बहुतेक सगळ्या राजकन्येच्या पक्षाच्या. धाकटी आणि दोन-तीन तरण्या पोरी युवराजाच्या पक्षात होत्या. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "दिसतो किती छान!" यावर काय बोलणार? आणि दुसऱ्या राणीच्या पक्षात एकटी राजमाता.

मग तो भाग आला. दिव्याच्या समारंभाच्या आधी दुसरी राणी गुपचूप मनोऱ्यावर जाते आणि दिव्यातलं तेल बदलते. दुसऱ्या दिवशी सगळ्या दरबारासमोर राजकन्या वात पेटवते आणि ज्योत साधी पिवळी. बिचारीचं तोंड! लोक हसतात, घुबडं सुद्धा मान फिरवतात. मी घरी टीव्हीसमोर अक्षरशः चप्पल उचलली होती.

सोमवारी लाँड्रीत रणकंदन. "सावत्र ती सावत्रच!" असं कुणीतरी म्हणालं आणि मग जीभ चावली, कारण टेबलावर कोण कोण उभं आहे ते तिच्या उशिरा लक्षात आलं. राजमातेनं तिकडे लक्षच दिलं नाही. ती आपला मुद्दा तयार करूनच आली होती.

"मी काय म्हणते ते ऐका," ती म्हणाली. "तो दिवा माणसाला खातो की नाही? मग राणीनं पोरीला वाचवलंय. स्वतःच्या पोराला पुढे केलं आणि हिला मोकळं केलं. शेवटच्या भागात कळेल बघा."

असा हशा पिकला की यंत्रांपाशी असलेले पुरुष बघायला आले. मी म्हटलं, "अगं, त्या बाईच्या डोळ्यांत गादी सोडून दुसरं काही दिसलंय का तुला?" ती म्हणाली, "डोळ्यांत सगळं दिसत असतं तर बोलायला तोंड कशाला दिलं असतं?"

तेव्हा थोरली बोलली. ती बोलते तेव्हा आम्ही ऐकतो, कारण पुन्हा कधी बोलेल याचा भरवसा नसतो. "मावशी, समजा तू म्हणतेस तसंच असेल. पण चारचौघांत तोंडघशी पडली ना ती? भल्यासाठी फसवलं, तरी फसवलंच की."

"पुढे कळेल तिला," राजमाता म्हणाली.

"आणि तोवर?"

राजमातेनं पुढची चादर ओढली. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. राजकन्यावाली युवराजवालीबरोबर चादर धरेना. जोड्या मोडल्या, नव्या लागल्या, आणि या सगळ्यात हात मात्र चालूच होते. हातांना काय, सवय असते. इस्पितळाच्या चादरीची घडी नावाचा शिक्का बाहेर ठेवून घालतात आणि हॉटेलच्या चादरीची आत ठेवून, कारण कुठल्याही पाहुण्याला आपण कुणाच्या चादरीवर झोपतोय ते वाचायचं नसतं. त्या दिवशी आम्ही एका मोठ्या हॉटेलचा सबंध माल इस्पितळाच्या घडीनं घालून पाठवला. शिक्के सगळे वर. चुका होतात, पण अशी चूक करायला भांडणसुद्धा मन लावूनच करावं लागतं.

हॉटेलाची तक्रार आली ती मालकीणबाईंना सोबत घेऊनच. त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "राज्य कुणाचंही जाऊ दे. माझी हॉटेलं जाता कामा नयेत." मग त्यांची नजर राजमातेच्या हातांवर गेली आणि आवाज खाली आला. "बाई, तुम्हाला आता झेपत नाही हे मला दिसतंय. तुम्ही बसून हातरुमाल बघा, कुणी काढत नाही तुम्हाला. पण टेबल कुणाला द्यायचं ते तुम्हीच सांगा. ही मालिका संपेल तेव्हा नाव माझ्याकडे आलेलं हवं. तुमच्या दोन्ही मुली इथेच आहेत म्हणा."

झालं. आमच्याकडेही गादीचा प्रश्न आला. पण खरं तर प्रश्न नव्हताच. थोरली असताना दुसरं नाव कशाला निघेल? मला तर शंकाही आली नाही.

त्या शिक्क्यांच्या चादरी निस्तरायला थोरली स्वतः हॉटेलात गेली. तिथल्या कपड्यांच्या खोलीत उभं राहून एकटीनं तिनं सगळ्या घड्या बदलल्या. मोठी चादर एकटीनं कशी घातली, तर म्हणे खुंटीला कोपरे अडकवून. तिथली मुख्य बाई बघत राहिली. दोन दिवसांनी त्या बाईंनी राजमातेला बोलावून घेतलं आणि सांगितलं, तुमची मुलगी मला द्या. कोरडी खोली, बसायला खुर्ची, वाफ नाही, कढत कापड नाही.

हे मला राजमातेनं मागच्या पायऱ्यांवर चहा पिताना सांगितलं. कप ती दोन्ही तळहातांत धरते, कपाच्या कानात बोट जात नाही म्हणून.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं. "थोरलीला सांगितलंस?"

"नाही. मी बाईंना हो म्हणून आले."

"तिला न विचारता?"

"विचारलं तर ती जाईल का? मला सोडून ती कुठे जाणार नाही. बटणं कोण लावणार म्हणेल. म्हणणार पण नाही, नुसती लावत राहील." तिनं कप खाली ठेवला. "म्हणून मालकीणबाईंना मी धाकटीचं नाव दिलं. टेबल धाकटीला गेलं की थोरलीला राग येईल. राग आला की जाईल. जाऊ दे. तिचे हात अजून सरळ आहेत गं."

मग मी म्हटलं, "आणि धाकटीच्या हातांचं काय?"

"धाकटी वर्षभरसुद्धा टिकायची नाही. काहीतरी निमित्त काढून पळेल. तिला मी ओळखते. आणि समजा नाही पळाली, तर मला चार शिव्या देईल आणि माझ्याच ताटात जेवेल. थोरलीला मला शिव्या देता येत नाहीत. लहान होती तेव्हापासून येत नाहीत." ती उठली. उठताना भिंतीला कोपर टेकवलं, हात नाही. "कुणाला बोलू नकोस."

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या लाँड्रीला माहीत आहे. पण हे राहिलं. मला ते पटलं होतं म्हणून नव्हे. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. या दोन्हींचं काय करायचं ते न कळल्यामुळे मी गप्प बसले.

पण ऑफिसातून बातमी फुटलीच. राजमातेनं सख्ख्या मुलीचं नाव दिलं! घुबडांच्या गप्पा थांबल्या. बायका येऊन तिच्या हातात कोपरे देत आणि तिच्याकडे न बघता परत फिरत. बॉयलरवाले काकासुद्धा मला म्हणाले, "म्हणूनच त्या राणीची बाजू घेत होती होय!" मी म्हटलं, "तुम्ही घुबडांचं बघा."

धाकटीला आनंद झाला असं म्हणावं तर तेही नाही. ती दिवसभर थोरलीच्या आसपास घुटमळायची आणि काहीतरी पांचट विनोद करायची. थोरली हसायची सुद्धा. आणि रोज सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहायचे तेव्हा ती राजमातेसमोर उभी राहून बटणं लावत असायची, वरून खाली, एकही न चुकवता. राजमाता छताकडे बघत असायची. ते बघणं मला नकोसं झालं होतं. मी रस्त्यावरूनच हाक मारायला लागले.

शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून बघायचा असं आधीच ठरलं होतं. जेवणाच्या खोलीत भिंतीवर टीव्ही आहे. रविवारी संध्याकाळी बायका, पुरुष, कुणाकुणाची घरची माणसं, सगळे आले. राजमाता पुढच्या बाकावर बसली. तिचा शेवटचा आधार आता ती राणीच होती. मागे भिंतीला टेकून थोरली आणि धाकटी.

राजकन्येला तेलाचं कळतं. ती घुबडावरून थेट दरबारात उतरते, तलवार राणीच्या गळ्यावर ठेवते आणि विचारते, "का केलंस?" राजमाता पुढे झुकली होती. तिचे ओठ हलत होते, जणू राणीला वाक्य आठवत नसेल तर ही सांगणार होती. राणीनं मान वर केली आणि म्हणाली, "कारण मला गादी माझ्या मुलासाठी हवी होती. तू मला कधीच नको होतीस."

खोली दणाणली. टाळ्या, शिट्ट्या, "बघ, बघ, म्हटलं नव्हतं?" राणीला बेड्या पडल्या, दिवा निळा पेटला, राजकन्या गादीवर बसली. लोक उठून नाचत होते. आणि राजमाता तशीच बसून होती. "एवढंच?" ती म्हणाली. "नुसतं एवढंच?" मग ती रडायला लागली. मालिका बघून रडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, मी स्वतः एका घुबडासाठी रडले आहे. हे तसलं रडणं नव्हतं. हळूहळू लोकांच्याही लक्षात आलं आणि शिट्ट्या थांबल्या. मी मागे वळून पाहिलं. थोरली निघून गेली होती.

घरी जाताना राजमाता आणि मी, दोघीच होतो. अर्ध्या वाटेपर्यंत ती माझ्यापुढे चालत राहिली. मग थांबली.

"बाहेरून बघणाऱ्याला तिच्यात आणि माझ्यात काय फरक दिसतो गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "काही नाही," मी म्हटलं.

"मग पोरीलाही दिसत नसणार."

"कसा दिसेल? तू दाखवलास कुठे?"

सोमवारी मालकीणबाई आल्या त्या टेबलापाशीच आल्या. यंत्रं चालू होती, पण पुरुष काही ना काही निमित्त काढून पुढे आले होते. मीही रोलर थांबवला. मालकीणबाई म्हणाल्या, "तर मग, बाईंनी जे नाव दिलंय—"

"ते मी मागे घेते," राजमाता म्हणाली.

तिनं ढिगातली सगळ्यात मोठी चादर ओढली आणि थोरलीला खुणेनं समोर बोलावलं. थोरली जाऊन उभी राहिली. दोघींनी चादर ताणली, झटकली. थोरली नेहमीप्रमाणे कोपरे घेऊन चालायला लागली.

"थांब," राजमाता म्हणाली. "तिथेच थांब."

आणि ती स्वतः निघाली. गुडघे कुरकुरत होते, कोपरे त्या वाकड्या बोटांतून निसटत होते, मधे एकदा एक सुटला आणि तिनं तो मनगटानं छातीशी दाबून धरला. थोरलीपाशी पोचून तिनं कोपरे तिच्या हातात दिले. मग सगळ्यांसमोर बोलली, घाईघाईनं, पाठ केल्यासारखं.

"हॉटेलातल्या बाईंनी तुला मागितलंय. कोरडं काम आहे. मी तुला न विचारता हो म्हटलं. तू जावंस म्हणून टेबल धाकटीला द्यायला निघाले होते. तुझे हात माझ्यासारखे होऊ नयेत म्हणून. चुकलं माझं. आता तू सांग. टेबल की हॉटेल? मी बोलणार नाही."

थोरलीच्या हातात चारही कोपरे होते. तिनं घडी घातली, पुन्हा घातली, शिक्का आत आहे ना ते पाहिलं आणि चादर टेबलावर ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "हॉटेलातल्या बाईंनी त्याच दिवशी सांगितलं मला. तुझ्या आईनं होकार दिलाय म्हणाल्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून थांबले होते. रोज सकाळी वाटायचं, आज विचारशील."

राजमातेनं तोंडावर हात धरला. मला ती बटणं आठवली, वरून खाली, आणि छताकडे बघणारी ही. एक वाट बघत होती आणि दुसरी नजर चुकवत होती, आणि मधे फक्त सदरा!

"मी टेबल घेते," थोरली म्हणाली. "हे काम मला आवडतं. आवडतं म्हणजे आवडतं, त्यात तुझ्यासाठी काही नाही. हॉटेलात धाकटीला पाठवू. तिचे हात जपायला हवेत. मी बाईंशी बोललेय."

"अगं ए!" धाकटी ओरडली. "मला कुणी विचारलं का?"

मग आपणही तेच केलं हे थोरलीच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा असा पडला की राजमातेला हसू फुटलं. ते हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी, हात टेबलावर टेकलेले, आणि ती म्हणतेय, "माझीच आहे. माझीच पोर आहे ही." मालकीणबाई म्हणाल्या, "हे घडीचं टेबल आहे की दरबार?" पण त्याही हसत होत्या. धाकटीनं जरा वेळ फुगून घेतलं आणि मग म्हणाली, "खुर्ची असेल तर जाते."

धाकटी आता हॉटेलात आहे. अजून पळालेली नाही, आम्ही सगळेच चकित आहोत. राजमाता खिडकीपाशी स्टुलावर बसून हातरुमाल बघते. थोरलीनं टेबल घेतल्यावर एकच गोष्ट बदलली. आता कोपरे घेऊन एकटीनं चालायचं नाही. दोघींनी दोन्हीकडून निघायचं आणि मधे भेटायचं. जुन्या बायकांनी थोडी कुरकुर केली, मग गुडघ्यांना बरं वाटलं तशी थांबली. कढत कापड थोरली अजून तशाच उघड्या हातांनी ओढते. राजमाता स्टुलावरून तिच्या बोटांकडे बघते आणि काही बोलत नाही. ते दुःख तिचं गेलेलं नाही, जाणारही नाही.

मालिकेचं पुढचं पर्व येणार आहे असं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी त्यांच्या दारात थांबले होते. हल्ली मी पुन्हा आतपर्यंत जाते. थोरली बटणं लावत होती.

"मी काय म्हणते," राजमाता म्हणाली, आणि मी कपाळावर हात मारून घेतला, कारण तो आवाज मला ओळखीचा होता. "राणी खोटं बोलली असेल. राजकन्येच्या मनात मागे काही राहू नये, तिला राज्य नीट करता यावं, म्हणून सगळा दोष अंगावर घेतला असेल. तू मला नको होतीस असं कुणी खरं म्हणतं का?"

"अगं बाई," मी म्हटलं, "तिनं सगळ्या दरबारासमोर कबूल केलंय!"

थोरलीनं शेवटचं बटण लावलं. सदरा खाली ओढून सरळ केला.

"असेल, मावशी," ती म्हणाली.